गाळ काढायच्या गाड्या: यंदाची तरतूद पुढच्या पुरासाठी

महापालिकेचं अंदाजपत्रक आलं की सांगलीत चर्चा रंगते ती पुरासाठी किती कोटी ठेवले याची. त्या पैशातून गाडी रस्त्यावर कधी येणार, हे फारसं कुणी विचारत नाही. अंदाजपत्रक मार्चअखेर मंजूर होतं. पुढे तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश. मग चासी येते, तिच्यावर टाकी आणि पंप चढतो, आणि शेवटी आरटीओ पासिंग. 2005, 2019 आणि 2021 या तिन्ही वर्षी कृष्णेचं पाणी चढलं ते जुलै-ऑगस्टमध्ये. म्हणून यंदाची खरेदी पुढच्या पावसाळ्याची समजावी आणि या पावसाळ्यासाठी भाड्याच्या यंत्रांचे दर मे महिन्यातच करारात बांधून घ्यावेत. पाणी ओसरल्यावर दर ठरवायला बसलं, तर यंत्रं दुसऱ्या गावी गेलेली असतात.

किती गाड्या लागतील, याचं गणित सोपं आहे. सहा मीटर रुंद, एक किलोमीटर लांब रस्त्यावर अडीच सेंटिमीटर गाळ बसला तर तो 150 घनमीटर होतो. ओला गाळ घनमीटरला पावणेदोन टनांच्या आसपास धरला तर अडीचशे टनांच्या वर. दहा टनी टिपरच्या पंचवीस-सव्वीस फेऱ्या. प्रत्यक्षात तीस धरा, कारण पातळ गाळ काठोकाठ भरता येत नाही. मागच्या फाळक्याला रबरी पट्टी नसेल तर तो वाटभर सांडत जातो. गावभागातल्या, म्हणजे जुन्या वस्तीतल्या, बोळांत जेसीबी वळत नाही, तिथे बॉबकॅट हा लहान लोडरच हवा. बकेटला दात असतील तर पेव्हर ब्लॉक उखडतात, म्हणून सपाट पात्याचं बकेट निविदेतच लिहावं.

कामाचा क्रमही ठरलेला हवा. आधी घराघरांतून बाहेर आलेल्या गाद्या, कपाटं, भिजलेलं धान्य उचलायचं. मग गाळ ओला असतानाच ओढायचा. कृष्णेचा गाळ चिकट आणि बारीक असतो; दोन-तीन दिवस ऊन लागलं की तो कडक होतो आणि मग पाण्याच्या फवाऱ्यालाही दाद देत नाही. घाईत तो गटारीत लोटला जातो, ही सर्वात महागात पडणारी चूक. पुढच्या सरीला तेच चेंबर तुंबतात.

तुंबलेल्या गटारींसाठी सक्शन-कम-जेटिंग गाडी लागते, म्हणजे जोराच्या पाण्याने गाळ सोडवून तो टाकीत ओढून घेणारी. 2013 च्या कायद्याने माणसाला असुरक्षितपणे गटारात उतरवणं बंद झालं आहे, त्यामुळे ही गाडी चैनीची नाही. जेटिंगचा नोझल उताराच्या खालच्या चेंबरमधून वरच्या दिशेने सोडायचा. परत ओढताना गाळ खाली येतो आणि तिथे सक्शन करता येतं. रस्त्यावरचा घट्ट गाळ मात्र या गाडीने ओढू नये. पाइप तुंबतो आणि वाळूने आतले भाग झिजतात.

बर्फ पडणाऱ्या देशांत अनेक शहरं ट्रकचा बर्फ ढकलायचा फाळ काढून तोच ट्रक उन्हाळ्यात माती-खडी वाहायला वापरतात. आपणही तसंच मागावं: टिपर वर्षभर कचऱ्याला, जेटिंग वर्षभर ड्रेनेजला. पाणी साचणाऱ्या शामरावनगरसारख्या भागात पावसाळाभर काम आहेच. वापरातली गाडी ऐन वेळी चालू होते. उभी राहिलेली होत नाही. बॅटरी उतरते, होज तडकतात, डिझेलमध्ये पाणी साचतं, बीएस-6 गाडीत डीईएफचे, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या द्रवाचे, खडे होतात. पंधरवड्यातून एकदा पीटीओ (इंजिनाची ताकद पंपाला देणारी जोडणी) जोडून अर्धा तास पंप चालवणं, व्हॅक्यूम पंपाचं तेल आणि जेटिंग पंपाचा पाण्याचा फिल्टर बघणं, एवढं तरी झालंच पाहिजे. घाणेरडं पाणी गेलं की आधी जातात ती प्लंजरची, म्हणजे पंपातल्या दट्ट्याची, सीलं.

त्यासाठी भांडवली (खरेदीच्या) खर्चासोबत महसुली (रोजच्या खर्चाच्या) बाजूला स्वतंत्र रक्कम हवी: दरवर्षी किमतीच्या निदान आठ-दहा टक्के, त्यात सुटे भाग, विमा आणि प्रशिक्षित चालक. 1 एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी व पालिकांच्या गाड्यांची नोंदणीच रद्द होते, त्यामुळे सगळा ताफा एकाच वर्षी घेतला तर तो एकाच वर्षी जाईल. दरवर्षी थोड्या घ्याव्यात.

आणि गाड्या पावसाळ्यात मिरज-कुपवाडच्या उंच बाजूला उभ्या कराव्यात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 40 फुटांना इशारा पातळी, 45 ला धोका. खालच्या भागातल्या गाड्या हलवायचा आदेश 40 फुटांआधीच निघायला हवा, कारण त्यानंतर चालकांनाही स्वतःचं घर रिकामं करायचं असतं.