तुम्ही विचारलंत म्हणून: राजकीय तत्त्वज्ञान म्हणजे राजकारणच ना?

लग्नकार्यात, ट्रेनमध्ये, ऍडमिशनच्या दिवसांत मुलांच्या आईवडिलांकडून, हा प्रश्न मला इतक्यांदा आलाय की आता एकदा नीट लिहूनच टाकते. मी कॉलेजात राजकीय तत्त्वज्ञान शिकवते असं सांगितलं की पुढचं वाक्य ठरलेलं, "म्हणजे राजकारणच ना मॅडम? मग यावेळी कोण येणार?" आणि जरा ओळख वाढली की, "पण याचा उपयोग काय हो?" दोन्ही प्रश्न लोक मनापासून विचारतात, आणि उभ्याउभ्या मी जे काही सांगते त्याने माझं स्वतःचंच समाधान होत नाही.

तर आधी आमच्या बिल्डिंगमधली गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी सोसायटीच्या जनरल बॉडीत ठराव झाला की घरकामाला येणाऱ्या बायका आणि डिलिव्हरीची मुलं यांनी लिफ्ट वापरायची नाही, जिन्याने जायचं. हात वर करून मतदान झालं, ठराव पास, दुसऱ्या दिवशी लिफ्टशेजारी कागद चिकटला. मी त्या मीटिंगला नव्हते. आमच्याकडे येणाऱ्या मावशी पन्नाशीच्या पुढच्या, गुडघे दुखतात, आणि आमचं घर सहाव्या मजल्यावर. वर येऊन त्या दारातच टेकल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "ताई, हे कोणी ठरवलं?" मी म्हटलं, सोसायटीने, बहुमताने. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "मग आम्हाला कोणी विचारलं होतं का?"

मला विचाराल तर राजकीय तत्त्वज्ञान म्हणजे मावशींचे हे दोन प्रश्न. ठराव कसा मांडतात, कोरम किती लागतो, कमिटीला अधिकार कुठल्या नियमाने मिळतो हे सांगणारं शास्त्र वेगळं, तेही हवंच. कोण निवडून येणार हे सांगणारे लोकही वेगळे. पण ज्याने ठरवलं त्याला ते ठरवायचा हक्क होता का, आणि ठरवलं म्हणून मी ते का ऐकायचं, हे विचारायला लागलात की तुम्ही आमच्या विषयात आलात. आणि हा प्रश्न पुस्तकातून सुचत नाही हो, पायऱ्या चढून दम लागलेल्या माणसाला सुचतो.

इतिहास सांगायचा तर सुरुवात अथेन्सपासून करतात, आणि मीही वर्गात तिथूनच करते कारण ती गोष्टच तशी आहे. इ.स.पू. ३९९, लोकांना प्रश्न विचारत फिरणारा तत्त्वज्ञ सॉक्रेटिस सत्तर वर्षांचा, आरोप दोन, एक म्हणजे शहराचे देव मानत नाही आणि दुसरा तरुण मुलांना बिघडवतो. न्यायाधीश म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडलेले साधे नागरिक, पाचशेच्या आसपास. म्हणजे हा राजाचा किंवा हुकूमशहाचा निकाल नव्हता, लोकशाहीने रीतसर मत घेऊन दिलेला निकाल होता, आणि तीस मतं इकडची तिकडे गेली असती तर तो सुटला असता. शिक्षा झाली मृत्युदंडाची. मग तुरुंगात एके दिवशी पहाटे त्याचा जुना मित्र क्रायटो येतो, पहारेकऱ्याशी त्याचं सगळं जमलेलं असतं, पैशांची सोय असते, दुसऱ्या गावी राहायची सोय असते, तो म्हणतो चल, पळ. आणि सॉक्रेटिस नाही म्हणतो. तो म्हणतो समज आत्ता शहराचे कायदेच इथे येऊन उभे राहिले आणि म्हणाले की अरे सत्तर वर्षं आमच्या आधाराने राहिलास, लग्न केलंस, मुलं वाढवलीस, दार उघडं होतं तरी कधी सोडून गेला नाहीस, म्हणजे आम्ही तुला मान्यच होतो ना, मग आमचं चुकलं असेल तर आम्हाला पटवून दे नाहीतर आमचं ऐक, पण पाठीमागच्या दाराने पळून जाऊन आम्हाला मोडू नकोस.

इथपर्यंत सांगितलं की वर्गातली निम्मी मुलं भारावतात आणि निम्मी चिडतात. मग मी त्याच माणसाचं कोर्टातलं भाषण काढते. तिथे तो सांगतो की अथेन्सवर तीस जुलमी सरदारांचं राज्य होतं तेव्हा त्यांनी मला आणि आणखी चौघांना बोलावलं, सालामिसच्या लिऑनला पकडून आणा म्हणाले, त्याला मारायचं होतं, बाकीचे चौघे गेले, मी सरळ घरी गेलो. आणि तुम्हीसुद्धा उद्या म्हणालात की प्रश्न विचारणं बंद कर, आम्ही सोडतो, तर मी ऐकणार नाही. आता सांगा, हा माणूस आज्ञा पाळणारा की मोडणारा? मी इतकी वर्षं हे दोन मजकूर शेजारीशेजारी ठेवून शिकवतेय आणि माझं मत असं झालंय की दोन्ही ठिकाणी माणूस एकच आहे. दुसऱ्यावर अन्याय करायची आज्ञा आली तर मोडायची, आणि मोडल्याबद्दल स्वतःला शिक्षा झाली तर लपायचं नाही. सगळ्यांना हे पटत नाही, माझ्याच डिपार्टमेंटमध्ये यावरून वाद आहेत.

हे सगळं लिहून ठेवलं त्याचा शिष्य प्लेटोने, निकाल लागला तेव्हा तो तिशीच्या आतलाच होता. आपल्या शहरातल्या सर्वांत चांगल्या माणसाला शहराने रीतसर मत घेऊन मारलं हे त्याला आयुष्यभर पचलं नाही, आणि मग राज्य कोणी करावं, न्याय म्हणजे काय यावर तो लिहितच राहिला. पुढेही असंच दिसतं बघा. मॅकियाव्हेली फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकाचा मोठा अधिकारी, १५१२ ला सत्ता पालटली, नोकरी गेली, १५१३ मध्ये तुरुंगात दोरीने टांगून छळ झाला, आणि त्याच वर्षी गावाकडच्या घरात बसून त्याने सत्तेवरचं 'द प्रिन्स' हे छोटं पुस्तक लिहिलं. इंग्रज विचारवंत हॉब्ज इंग्लंडमधून पळून पॅरिसला राहिला, मायदेशी यादवी चालू, १६४९ ला राजाचं डोकं उडवलं, १६५१ ला हॉब्जचं 'लेव्हायथन' हे पुस्तक आलं. जॉन लॉक हा इंग्रज विचारवंत हॉलंडमध्ये लपून होता, परत आल्यावर पुस्तक छापलं तेही नाव न घालता. रूसोचं पुस्तक १७६२ मध्ये त्याच्याच जिनिव्हाने जाळलं. आरामखुर्चीत बसून केलेला हा उद्योग नाहीये हेच मला सांगायचंय, कालपर्यंत गृहीत धरलेलं काहीतरी पायाखालून निघून गेलं तेव्हा माणसांनी हे लिहिलंय.

उत्तरं मात्र वेगवेगळी आली. हॉब्ज म्हणतो राज्यसत्ता नसेल तर प्रत्येकजण प्रत्येकाच्या जिवावर उठेल, म्हणून भीतीपोटी आपण सगळा हक्क एकाच्या हाती दिला. हे वाचताना आपल्याला मत्स्यन्याय आठवतो, मोठा मासा छोट्याला खातो तो. महाभारताच्या शांतिपर्वात अगदी हेच आहे, लोक एकमेकांना खायला उठले म्हणून ब्रह्मदेवाकडे गेले, राजा मागितला, मनू आधी तयार नव्हता, मग लोकांनी ठरवलं की गुरंढोरं आणि सोनं यातला पन्नासावा आणि धान्यातला दहावा भाग तुला देऊ. बौद्ध अग्गञ्ञ सुत्तात तर वरून कोणी राजा देतच नाही, लोक जमतात, आपल्यातलाच एक लायक माणूस निवडतात, तांदळाचा वाटा देतात आणि त्याला नाव पडतं महासंमत, म्हणजे सगळ्यांनी संमत केलेला. लॉकचा सगळा भर या संमतीवरच आहे, सरकार हे विश्वासाने दिलेलं काम, विश्वास मोडला की लोकांना ते काढून घ्यायचा हक्क. फार मोठं वाक्य आहे हे. पण याच लॉकचे पैसे आफ्रिकेतून गुलाम नेणाऱ्या इंग्रज कंपनीत गुंतलेले होते, आणि हे मी वर्गात दरवेळी सांगते, कारण संमती म्हटलं की लगेच विचारायला हवं की कोणाची, आणि मावशींनी नेमकं तेच विचारलं होतं.

आता आपल्याकडे या. सॉक्रेटिसचं ते कोर्टातलं भाषण गांधीजींनी १९०८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत असताना गुजरातीत आणलं, 'एका सत्यवीराची कथा' अशा अर्थाचं नाव देऊन, आणि १९१० मध्ये मुंबई सरकारने त्यावर बंदी घातली. तेवीसशे वर्षांपूर्वी मेलेल्या म्हाताऱ्याच्या भाषणावर! याचा उपयोग काय असं विचारणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते. त्याच्याही आधी, १८४७ च्या सुमाराला, पुण्यात जोतीराव फुल्यांच्या हाती थॉमस पेन या इंग्रज लेखकाचं माणसाच्या हक्कांवरचं पुस्तक पडलं आणि पुढच्याच वर्षी मुलींची शाळा निघाली. शाळा काय फक्त पुस्तकामुळे निघाली असं मी म्हणणार नाही, पण १८७३ च्या आपल्या 'गुलामगिरी' या पुस्तकाची अर्पणपत्रिका त्यांनी अमेरिकेत गुलामी संपवणाऱ्या लोकांना लिहिली, म्हणजे जगात कुठे काय चाललंय आणि त्याचं आपल्याशी काय नातं हे त्या माणसाला पक्कं कळत होतं.

पण माझ्यासाठी सगळ्यात मोठा धडा महाडचा. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य म्हटल्या जाणाऱ्यांना खुले, महाडच्या नगरपालिकेने पुढच्या वर्षी तो मान्यही केला. म्हणजे कागदावर हक्क होता, फक्त पाणी पिता येत नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबर आलेले हजारो लोक चवदार तळ्यावर गेले, पाणी प्यायले, आणि त्यानंतर सवर्णांनी या लोकांना घेरून मारहाण केली. मग तळं 'शुद्ध' करण्यात आलं, आणि त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये पुन्हा परिषद भरली तेव्हा बाबासाहेबांनी भाषणात १७८९ च्या राज्यक्रांतीतल्या फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेचा दाखला दिला, आपण इथे पाण्याच्या घोटासाठी नाही तर समतेचा पाया घालायला जमलोय असा त्याचा रोख होता. मनुस्मृतीचं दहन झालं ते याच परिषदेत, २५ डिसेंबरला. लोक तळ्यावर जायला तयार होते, पण तेवढ्यात विरोधकांनी कोर्टातून मनाई हुकूम आणलेला होता. आणि बाबासाहेबांनी लोकांना समजावलं, थांबवलं. मिरवणूक तळ्याला फेरा घालून आली, पाण्याला हात न लावता. खटला चालला आणि हायकोर्टाचा निकाल बाजूने लागायला १९३७ उजाडलं.

दहा वर्षं. मला हे वाचताना प्रत्येक वेळी गलबलून येतं. रूढी मोडायची, धर्मग्रंथ जाळायचा, पण कोर्टाचा हुकूम पाळून कोर्टातच जिंकायचं, हे कुठून आलं असेल? पुढे २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत ते म्हणाले की मार्ग बंद होते तेव्हा घटनाबाह्य मार्गांचं समर्थन होऊ शकत होतं, आता घटनात्मक मार्ग खुले आहेत तर ते सोडून द्यायला हवेत, सत्याग्रहसुद्धा. त्याच भाषणात त्यांनी जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताचा इशारा सांगितला की माणूस कितीही थोर असो, आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नका. अनेकजण पहिला भाग तेवढा सांगतात, अनेकजण दुसरा, पण मला दोन्ही मिळून क्रायटोला दिलेल्या उत्तराच्या जवळचं वाटतं, फक्त बाबासाहेबांनी एक अट घातलीय जी सॉक्रेटिसने इतकी स्पष्ट घातली नव्हती, मार्ग खरोखर खुला असला पाहिजे. पटवून दे नाहीतर ऐक हे म्हणणं ठीक, पण ज्याला मीटिंगमध्ये बसायलाच परवानगी नाही त्याने कोणाला पटवायचं?

आमच्या लिफ्टचं काय झालं ते सांगते. त्या दिवसापासून मावशी माझ्याबरोबर लिफ्टनेच येऊ-जाऊ लागल्या, मी खाली उतरून त्यांना घेऊन यायचे, आणि कमिटीला नाव-फ्लॅट नंबरसकट पत्र दिलं की मी हा नियम मोडतेय, का मोडतेय, आणि दंड असेल तर भरेन. काही शेजाऱ्यांनी बोलणं सोडलं. पुढच्या जनरल बॉडीत मी तो नियम रद्द करायचा ठराव मांडला, पडला. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा मांडला, आणि या वेळी थोड्या मतांनी का होईना तो कागद लिफ्टजवळून निघाला.

मी आनंदाने घरी येऊन मावशींना सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "बरं झालं. पण ताई, उद्या परत हात वर करून परत ठरवलं तर?" मी म्हटलं, अहो असंच महाडला झालं होतं, नगरपालिकेने आधी ठराव केला आणि मग... त्यांनी मला मध्येच थांबवलं. "महाड मला माहितीये ताई. आम्ही दर वीस मार्चला जातो."