डावीकडचा बोल्ट

आज सकाळी स्नो ब्लोअरचा, म्हणजे बर्फ उडवणाऱ्या यंत्राचा, डावीकडचा शिअर बोल्ट तुटला. आठवड्यातला हा तिसरा. वाळकी काटकी मोडावी तसा कट्‌कन आवाज झाला, उजवे पाते फिरत राहिले आणि डावे जागच्या जागी थांबले. मी इंजिन बंद करून खाली वाकलो, तेवढ्यात वरची खिडकी उघडली. चिरंजीवांनी विचारले, "बाबा, पुन्हा?" आणि उत्तराची वाट न पाहता खिडकी लावून घेतली.

बोल्ट तुटल्याचे मला वाईट वाटले नाही, कारण तो तुटण्यासाठीच असतो. समोरची मळसूत्री पाती मधल्या दांड्यावर नुसती ओवलेली असतात; दांड्याबरोबर ती फिरतात ती केवळ या मऊ लोखंडाच्या बोल्टमुळे. पात्यात दगड किंवा गोठलेले वर्तमानपत्र अडकले, की आधी बोल्टने मान टाकायची आणि गिअरबॉक्समधले काशाचे दातेरी चाक वाचवायचे, अशी ती योजना आहे. वाईट वाटले ते त्या एका शब्दाचे. त्यात चिडचिड असती तर मीही चिडून मोकळा झालो असतो. पण त्यात काळजी होती, आणि ती यंत्राची नव्हती. जिना चढताना मी मध्येच थांबलो की, किंवा चष्मा कपाळावर असताना शोधू लागलो की, हाच सूर लागतो. डॉक्टरांकडून आलेल्या त्या कागदाचा विचार आज करायचा नाही, असे मी ठरवले आहे.

आधीच्या दोन्ही वेळी मी दोष बाहेरच दिला होता, हे मात्र लिहून ठेवले पाहिजे. पहिल्या वेळी बोल्टच भिकार निघाला, असे म्हणालो. दुसऱ्या वेळी रस्ता साफ करणाऱ्या गाडीने फाटकाशी लोटून ठेवलेल्या ढिगाला बोल लावला; त्या ढिगातली ढेकळे रात्रभरात दगडासारखी होतात, तेव्हा ते कारण अगदीच खोटे नव्हते. आज मात्र वीतभरही नसलेला, पिठासारखा भुसभुशीत बर्फ होता. त्यात अडखळण्यासारखे काहीच नव्हते. म्हणजे दोष यंत्रात होता, नाहीतर यंत्र चालवणाऱ्यात, आणि "पुन्हा?" या शब्दाने त्यातला दुसरा पर्याय माझ्या आधीच निवडला होता, असे मला दिवसभर वाटत राहिले.

दुपारी नट-बोल्टांच्या डब्यात त्याच मापाचा, डोक्यावर 8.8 हा मजबुतीचा आकडा कोरलेला कडक बोल्ट सापडला. तो काही तुटणार नव्हता. तुटणार नाही म्हणजे पुढचा धक्का थेट गिअरबॉक्सला बसणार, हे ठाऊक असूनही मी तो भोकात सरकवला, नट बोटांनी दोन आटे फिरवला आणि तसाच बसून राहिलो. खिडकी पुन्हा उघडू नये, एवढ्या एका कारणासाठी मी गिअरबॉक्स पणाला लावायला निघालो होतो. मग बोल्ट काढून डब्यात तळाशी टाकला.

त्यानंतर स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवली आणि पहिल्याच वेळी करायला हवे होते ते केले, म्हणजे नीट पाहिले. बोल्ट पात्याच्या नळीच्या एका भिंतीतून शिरून, दांडा पार करून दुसऱ्या भिंतीतून बाहेर येत असल्यामुळे तुटला की त्याचे तीन तुकडे होतात. डोक्याचा आणि नटाचा तुकडा गळून पडतो. मधला दांड्यातच राहतो आणि तो काढायला पाते हलवून भोके समोरासमोर आणावी लागतात, मग पंच, म्हणजे पोलादी खुंटी, ठेवून ठोकावे लागते. तो तुकडा हाती आला तेव्हा दोन्ही टोकांपर्यंत त्यावर आटे दिसले. मी डब्यातून उचललेले बोल्ट डोक्यापर्यंत आटे असलेले होते, आणि 6 मिलिमीटरचा बोल्ट आट्यांच्या तळाशी 5 मिलिमीटरहूनही थोडा बारीक असतो. ज्या दोन जागी सगळा जोर यायचा, नेमक्या तिथेच मी बारीक माल बसवला होता. शिवाय नळीचे भोक फिरण्याच्या दिशेने लांबट झाले होते. त्यामुळे पाती सुरू करणारी लिव्हर दाबली की पाते आधी रिकामे हलायचे आणि मग बोल्टवर हातोडीसारखे आदळायचे. त्यात मी बर्फात तोंड खुपसून, इंजिन पूर्ण वेगात असताना लिव्हर एकदम दाबतो. ही सवय कुणाकडून लागली हे सांगण्यात अर्थ नाही, दादा आता वाचणार थोडेच आहेत.

उजवीकडे पाहण्याचे खरे तर काही कारण नव्हते. तो बोल्ट गेल्या तीन हिवाळ्यांत एकदाही तुटलेला नाही, आणि मी त्या बाजूचे तोंड भरून कौतुक करत आलो आहे. तरीही बोल्ट काढला. तो अखंड, चकचकीत बाहेर आला. बोल्ट काढल्यावर पाते हाताने दांड्यावर सुटे फिरायला हवे. ते तसूभरही हलले नाही. आतल्या गंजाने पाते आणि दांडा एकजीव झाले होते. बोल्ट तिथे नुसता शोभेला होता. सगळा भार गंज वाहत होता. त्या बाजूला एखादा दगड शिरला असता तर बोल्ट शाबूत राहिला असता आणि गिअरबॉक्स गेला असता. ज्याला मी तीन वर्षे धडधाकट समजलो तो जखडलेला निघाला, आणि ज्याच्या नावाने बोटे मोडली तो आपले काम चोख करत होता. हे कळले तेव्हा मी ओट्यावर बसून एकटाच हसलो. सकाळपासूनचे रडगाणे तिथे थांबले, निदान त्या तासापुरते तरी.

उजव्या पात्याने संध्याकाळ खाल्ली. गंज सोडवणारे तेल, थोडी वाट, लाकडाचा ठोकळा मध्ये ठेवून हातोडीचे ठोके, पुन्हा तेल. दिवेलागणीला ते करकरत हलले आणि निप्पलमधून ग्रीस भरल्यावर सुटे फिरू लागले. डावे भोक मोठे करून 8 मिलिमीटरचा बोल्ट घालण्याचा मोह टाळला, कारण त्याचा छेद जवळजवळ पावणेदोन पट भरतो आणि मग दुबळेपणाचा हेतूच उरत नाही. भोक वेल्डिंगने भरून नव्याने पाडायचे, ते उन्हाळ्यात. तोवर दोन्ही बाजूंना यंत्राबरोबर आलेले, मधला भाग गुळगुळीत असलेले बोल्ट घातले. लिव्हर आधी हळू वेगात दाबून मगच बर्फात शिरायचे, असेही स्वतःला बजावले.

दुसऱ्या दिवशी, याच पानावर. सकाळी फाटकाशी ढेकळांत काहीतरी अडकले आणि कट्‌कन आवाज झाला. इंजिन बंद करून, काठीने उकरून पाहिले तर विटेचा अर्धुक निघाला. खिडकी उघडली. "बाबा, पुन्हा?"

"पुन्हा नाही, पहिल्यांदाच," मी म्हणालो. "उजवीकडचा आहे."

माझ्या आवाजातला आनंद त्यांना काय कळणार. खिडकी या वेळी मात्र जरा उशिरा लागली. मधला तुकडा पंचच्या एका ठोक्यात निघाला. डब्यात आता तीनच बोल्ट उरले आहेत.