15 लाख आले, हिरडा मात्र व्यापाऱ्याकडे गेला

जंगलातला माल बचत गटांनी मिळून गोळा करायचा, वाळवून-प्रक्रिया करून विकायचा, यासाठी सरकारी योजनेतून जे वन धन विकास केंद्र मिळतं, त्याची फाईल मी दोन वर्षं सांभाळली. पावसाळ्यात घर गळतं, म्हणून ती तांदळाच्या डब्यात ठेवलेली असायची. आता आजूबाजूच्या वाड्यांवरच्या बायका विचारायला येतात, "ताई, अर्ज कसा करायचा?" अर्जाचं सांगतेच, पण आधी आमचं कुठे चुकलं ते सांगते.

आमचा पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्याचा पश्चिम पट्टा, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाचा. खाचरातला भात खायला पुरतो. हातात रोकड येते ती हिरड्याची. उन्हाळ्यात कोवळी फळं उतरवून वाळवायची, तो बाळहिरडा. व्यापारी दारात येतो, मूठभर उचलतो, एक फळ दाताखाली फोडतो आणि "ओल आहे" म्हणून दर पाडतो. पोराची फी, आजारपण, खतं-बियाणं सगळं या पैशावर, त्यामुळे पोतं परत घरात कोण नेणार?

वन धन योजना केंद्र सरकारची. 14 एप्रिल 2018 ला छत्तीसगडमधल्या बिजापूरला तिची सुरुवात झाली. आपल्या राज्यात ती शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळामार्फत चालते. साधारण 20 जणांचा एक असे 15 बचत गट, म्हणजे 300 सदस्य, त्यांत किमान 60 टक्के आदिवासी. अशा एका केंद्राला 15 लाखांपर्यंत अनुदान, आणि प्रशिक्षण, यंत्रं, खेळतं भांडवल (म्हणजे माल घ्यायला लागणारी रोकड) सगळं त्यातच बसवायचं. सदस्याने स्वतःचे 1000 रुपये घालायचे.

हे 1000 रुपयेच पहिली भिंत निघाले. 300 घरांतून 1000 काढायचे म्हणजे 300 वेळा "पैसे बुडाले तर?" ऐकायचं. मी पावतीपुस्तक छापून घेतलं. ज्यांच्याकडे एकरकमी नव्हते त्यांचे 200-200 करून घेतले आणि प्रत्येक वेळी पावती फाडली. पावती हातात पडली की बाई निम्मी निर्धास्त होते.

दुसरी भिंत नावांची. आधारवर नावापुढे 'बाई' आहे, पासबुकात नाही. जातीच्या दाखल्यावर माहेरचं आडनाव, रेशनकार्डावर सासरचं. एका मावशींची तीन कागदांवर तीन नावं होती. बँकेतल्या साहेबांनी विचारलं, "यातल्या तुम्ही कोण?" मावशी म्हणाल्या, "तुम्हाला कोणती चालंल ती." हसू आलं, पण त्या एका खात्यापायी पाच चकरा झाल्या. म्हणून नव्या गटांना माझं सांगणं असतं की अर्ज नंतर, आधी सगळ्यांचे कागद एका ओळीत मांडून नावं जुळवा. आणि गटाचं इतिवृत्त दर बैठकीला लिहा. आमच्यातले चार गट कागदावर जिवंत होते, पण वर्षभराच्या बैठकांची वही कोरी. ते सोडून नवे शोधावे लागले.

आता मुख्य चूक. आराखडा करायला बसलो तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे यंत्रं होती. सोलर ड्रायर, दळण्याचं यंत्र, पाकिटं सील करायचं यंत्र, ओलावा मोजायचं मीटर. दरपत्रकं मागवली, प्रत्येकाची तीन-तीन. त्रिफळा चूर्ण विकायचं, पाकिटावर आमच्या डोंगराचं चित्र छापायचं, इथवर बेत गेला होता. खेळत्या भांडवलाच्या रकान्यात उरलेला आकडा टाकला. उरलेलाच, दुसरा शब्द नाही. मंजुरी मिळाली, पहिला हप्ता खात्यावर आला, यंत्रं आली, नारळ फुटला. आणि मग हंगाम आला.

बायका पाट्या घेऊन केंद्रावर आल्या. पहिल्या तीन दिवसांत आमची रोकड संपली. चौथ्या दिवशी मी म्हणाले, "पैसे पंधरा दिवसांनी देते." त्यांनी पाट्या उचलल्या आणि खालच्या रस्त्यावर गेल्या. तिथे टेम्पो उभा होता. त्यात आमच्याच सदस्यांचा माल होता, आणि पैसे हातावर मिळत होते. त्यांना काय बोलणार? माझ्या जाऊबाईही त्यातच होत्या. वर दळण्याचं यंत्र नवंकोरं, त्यावरचं प्लास्टिकही निघालं नव्हतं.

प्रशिक्षण मात्र मनापासून उपयोगी पडलं, जरी ते भातलावणीच्या तोंडावर ठेवल्यामुळे पहिल्या दिवशी निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. आम्ही भीतभीत तारीख बदलून मागितली. बदलून मिळाली. मागायला हवं होतं हे आधी सुचलंच नव्हतं.

तिथेच मीटरची गंमत कळली. शिकवणाऱ्या बाईंनी ते हातात घेऊन यादी वाचली: गहू, भात, सोयाबीन, मका. "यात हिरडा कुठाय?" ते धान्याचं मीटर होतं. दरपत्रक मी स्वतः मागवलं होतं, त्यामुळे गप्प बसले. मग त्यांनी तवा आणि सोनाराकडे असतो तसा छोटा काटा मागवला. 100 ग्रॅम हिरडा खलबत्त्यात भरडला, तव्यावर मंद आचेवर ढवळत ठेवला. थोड्या थोड्या वेळाने थंड करून वजन. 91, मग 86, मग 84, आणि पुढे काटा हलेना. "16 ग्रॅम पाणी गेलं, म्हणजे ओल 16 टक्के." ज्यांना पासबुक वाचता येत नाही त्यांनाही हे कळलं. एक आजी तेवढ्यात मुठीतली फळं कानाशी खुळखुळवून म्हणाल्या, "मी मघाच सांगितलं, वाजत न्हाई." पण त्यांनी वाजतंय म्हणून बाजूला काढलेल्या ढिगातली काही फळं फोडली, तर आत बुरशी निघाली. मग आजीही काट्याशी येऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी झाडाखाली वर्ग. घाईत आम्ही फांदीच मोडून खाली आणतो आणि बसून फळं तोडतो. मोडलेल्या फांदीला पुढच्या वर्षी काय लागणार? शेंड्याची काही फळं झाडावर पिकू द्यायची, तीच पुढे बी होतात, हेही ठरलं. ग्रामसभेत ठराव घेतला की फांदी मोडलेली दिसली तर त्या घराचा माल केंद्र घेणार नाही. वनहक्क कायद्याच्या 2012 च्या सुधारित नियमांनुसार गौण वनोपजाचा, म्हणजे हिरड्यासारख्या जंगलातल्या मालाचा, वाहतूक परवाना ग्रामसभेच्या समितीमार्फत देता येतो, हेही मला तिथेच समजलं. तोवर रस्त्यात कुणी गाडी अडवली तर काय, याच धास्तीने आम्ही माल खाली नेत नव्हतो.

पुढच्या वर्षी यंत्रांच्या पुढच्या खरेद्या थांबवल्या आणि आराखड्यात बदल मंजूर करून घेतला. पाकिटाच्या यंत्रांपेक्षा हंगामातली रोकड मोठी धरली. चूर्णाचा नाद तूर्त सोडला. नीट वाळवून, तीन प्रतींत निवडून एकगठ्ठा विकायचं ठरलं. पाट्या आल्या की त्याच दिवशी पैसे, असा नियम केला. जाऊबाई दुसऱ्या आठवड्यात आल्या. आधी अर्धीच पाटी घेऊन.

अनुदान कशावर खर्च झालं ते दाखवणाऱ्या उपयोगिता प्रमाणपत्राबरोबरच्या यादीत अजून एक ओळ आहे: ओलावा मापक, 1 नग, चालू स्थितीत. नग खरंच चालू आहे. मंचरकडच्या एका पाहुण्यांनी सोयाबीनच्या वेळी दोन दिवस मागून नेला होता. त्यांची मी पावती घेऊन ठेवली आहे.