नादारीचा अर्ज आणि दोन शिलाई मशीन

२०१९च्या ऑगस्टात सांगलीच्या मारुती चौकातल्या माझ्या दुकानात कृष्णामाई शिरली ती पार माळ्यापर्यंत. चिखलातून ओढून काढलेले तागे भिजलेल्या गादीसारखे जड झाले होते, आणि तो माल इचलकरंजीच्या व्यापाऱ्यांचा, उधारीचा. पुढं लॉकडाउन, २०२१ला पुन्हा पाणी. पतसंस्था, हातउसने, क्रेडिट कार्ड. याची टोपी त्याला असं करत आकडा अठरा लाखांवर गेला.

नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज केला, हात वर केले की सुटलो, असं मी धरून चाललो होतो. विजयनगरला कोर्टाजवळ बसणाऱ्या वकील मॅडमनी ते पहिल्याच भेटीत डोक्यातून काढलं. २०१६चा नवा कायदा आला खरा, पण त्यातला व्यक्तींचा भाग कंपन्यांना जामीन राहिलेल्यांपुरताच लागू झालाय. आमच्यासारख्यांना १९२०चा प्रांतिक नादारी कायदा, आणि अर्ज जिल्हा न्यायालयात. त्यात लिहिलंय, अर्जासाठी कर्ज निदान ५०० रुपयांचं हवं. तेवढ्या काळजीतही मला हसू आलं.

गावाकडचा दोन गुंठ्यांचा प्लॉट बायकोच्या नावावर करून टाकायचं माझ्या मनात होतं. मॅडम म्हणाल्या, "करा की. अर्जाआधीच्या दोन वर्षांतलं बक्षीसपत्र कोर्ट रद्द करतं. वर तुमचा हेतूही दिसतो." मेव्हण्याचे पैसे आधी गुपचूप फेडायचे, तेही बारगळलं. एकाच घेणेकऱ्याला झुकतं माप दिलं आणि तीन महिन्यांत अर्ज झाला, तर तो व्यवहारही उलटतो.

मग यादी. कोणाचं किती देणं, आपल्याकडं काय काय. चार रात्री आम्ही दोघं वहीत लिहीत बसलो. बायको भांडी मोजायला लागली तेव्हा मी म्हटलं, राहू दे, ती जात नाहीत. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, मंगळसूत्र, एलआयसीची पॉलिसी आणि कारागिराची हत्यारं जप्तीतून वगळलेली आहेत. म्हणून माझी दोन शिलाई मशीन वाचली. कपाटातले तागे, स्कूटर आणि प्लॉट मात्र वाचले नाहीत. "अहो, म्हणजे तुम्हाला फक्त शिवता येईल," ती म्हणाली. तसंच झालं.

वर्तमानपत्रात नाव छापून आलं त्या दिवशी मी घराबाहेर पडलो नाही. पण नादार ठरवल्याचा हुकूम झाल्यावर वसुलीवाल्यांचे हात बांधले गेले. मालमत्ता रिसीव्हरकडं, म्हणजे ती ताब्यात घ्यायला कोर्टानं नेमलेल्या माणसाकडं, आणि घेणेकऱ्यांनी काय ते कोर्टाच्या परवानगीनं करायचं. दारात येऊन ओरडणाऱ्या एकाला मी हुकुमाची झेरॉक्स दाखवली. त्यानं ती दोनदा वाचली आणि चप्पल घालून गेला.

दोन गोष्टी मात्र सुटल्या नाहीत. घर बँकेकडं गहाण, त्या बँकेचा घरावरचा हक्क तसाच. आणि पतसंस्थेला जामीन राहिलेला माझा साडू. उद्या मला कोर्टाकडून कर्जातून मुक्ती मिळाली तरी त्याची जबाबदारी सुटत नाही. हे मला अर्ज भरताना कळलं, त्याला माझ्याकडून नंतर. दिवाळीला तो आला नाही. सरकारी करही माफ होत नाही, पण साडूपुढं ते काहीच नाही.

मुक्तीचा अर्ज कोर्टानं दिलेल्या मुदतीत करायचा आहे. तोवर नवीन काही मिळालं तर तेही रिसीव्हरकडं. आणि आपण नादार आहोत हे न सांगता ५० रुपयांची किंवा त्यावरची उधारी घेतली तर तो गुन्हा. परवा किराणा दुकानात १४० रुपयांचं सामान झालं, खिशात १०० होते. "काका, वहीत लिहू?" पोरानं पेन काढलं. मी तेलाची पिशवी परत ठेवली.