पाच ग्रॅमची जिग आणि मानशीवरचा चोणक

गोव्यात रॉड घेऊन येणाऱ्या पाहुण्यांना बहुतेक एकच मासा हवा असतो, चोणक. रायगडकडे ज्याला जिताडा म्हणतात तोच. पुण्याच्या त्या काकांनाही तोच हवा होता. पण ते अमेरिकेतल्या तलावांवर बास मासा धरण्यात मुरलेले. पिशवीतून निघाली करंगळीएवढी रबरी गांडुळं आणि 5 ग्रॅमच्या जिग, म्हणजे वजनदार डोक्याचे गळ. आमच्या होडीवर चालतात वीतभर लांबीचे, खडखडणारे ल्यूर, म्हणजे नकली आमिषं. तांडेल मिशीतल्या मिशीत हसला.

कुंभारजुवे कालव्यात ओहोटी चांगली लागली होती. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या, बांधातली मानस, म्हणजे पाण्याचं दार, ओहोटीला आपोआप उघडते आणि शेतातलं पाणी कोळंबी, बारीक मासळीसकट बाहेर पडतं. चोणक तोंडाशीच टपून असतो. मानशीवर मासे धरायचा हक्क लिलावात जातो, म्हणून आम्ही होडी बरीच खाली लावली. मोठे ल्यूर मारून झाले. पाणी नितळ, मासा ढिम्म.

मग काकांनी बिनवजनाचं गांडूळ मधोमध गळाला टोचून टाकलं. दोन्ही टोकं थरथरत सावकाश खाली जातात, सुरेख दिसतं. पण ते तलावात! इथे प्रवाहाने क्षणात वाहून नेलं.

"काका, जिग लावा. आणि प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाका."

गळाभोवतीची झिरमिळ्यांची झालर छाटून आखूड केलेली जिग, मागे अर्धं गांडूळ. गळापुढचा ताठ केसांचा झुपका खारफुटीच्या मुळांना चुकवतो. लीडरवरून, म्हणजे गळाजवळच्या दोरीच्या तुकड्यावरून, मात्र आमची जुंपली. त्यांचा 10 पौंड ताण सोसणारा. जाड दोरीने जिगची चाल मरते म्हणे. खरं आहे ते. पण चोणकाच्या कल्ल्याची कड पात्यासारखी असते. शेवटी 30 वर तडजोड झाली.

सगळी गंमत जिग खाली पडतानाची. दोरी ताणून धरली तर ती झोका घेत होडीकडे येते, जागेवर बुडत नाही. फार सैल सोडली तर माशाने घेऊन थुंकली तरी पत्ता लागत नाही. काकांचा हात या मधल्या ढिलाईत तयार होता. रॉडचं टोक जिगमागोमाग खाली नेत ते नुसते दोरीकडे बघत होते. तळ लागायच्या आतच दोरी थांबली. झटका नाही, काही नाही. काकांनी रॉड उचलला आणि पाणी फुटलं.

चोणक दोनदा उसळला, डोकं झाडत मुळांकडे निघाला. "वळवा, वळवा!" तांडेलच जास्त ओरडत होता. होडीला लागला तेव्हा काका बासच्या सवयीने अंगठा जबड्यात घालायला वाकले. मी ग्रिपर, म्हणजे जबडा पकडायचा चिमटा, पुढे केला. कालव्यात मगरी आहेत, काठाशी हात बुचकळत बसायची ही जागा नव्हे.

मोठे चोणक बहुधा माद्या. नर म्हणून वाढतात आणि पुढे मादी होतात. म्हणून आम्ही मोठा मासा सोडतो. रवा लावून तळलेल्या तुकड्या डोळ्यांपुढे असलेल्या तांडेलाला हे आजवर पटलेलं नाही. तो तोंड फिरवून इंजिनाशी खुडबुडत बसला. लीडर वीतभर खरवडला होता. तेवढा कापून मी गाठ नवी मारली, काका तोवर दुसरं गांडूळ निवडत होते.