घोडा पाणी कुठं प्यायला?

दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरली की आमचं वाचनालय ओस पडतं. पेपर वाचायला येणारे नेहमीचे आठ-दहा जण तेवढे उरतात, बाकी सगळा गाव तापीकाठी घोडेबाजारात. मारवाडी, काठेवाडी, पंजाबकडचे पांढरेशुभ्र नुकरे, ओळीनं बांधलेले. ग्रंथपाल म्हणून या भागात येऊन मला चौदा वर्षं झाली आणि यात्रा मी एकदाही चुकवलेली नाही. तरी घोड्यांबद्दल मला काही कळतं असं म्हणायची माझी तयारी नव्हती, आणि त्या डिसेंबरात तर ते पुरतं लक्षात आलं.

यात्रा उठून आठवडा झाला असेल. संध्याकाळचे पाच. डोक्याला मफलर गुंडाळलेले एक म्हातारे गृहस्थ नातीला घेऊन काउंटरपाशी आले. नात नववीतली, शाळेच्या गणवेशातच होती.

"घोडानं पुस्तक शे का, ताई?"

मी त्यांना 636.1 च्या फळीपाशी नेलं. दशांश वर्गीकरणात घोड्यांची जागा ती. आमच्याकडे त्या जागी एकच पुस्तक आहे, जनावरांच्या रोगांवरचं. त्यांनी ते हातातही घेतलं नाही.

"हे नको. आजारपण मला कळतं. गोष्टीचं पाहिजे. मोठी गोष्ट. रात्र-रात्र पुरली पाहिजे."

मग कारण सांगितलं. घरची घोडी दिवस भरत आलेली होती. घोडी अकरा महिने वागवते आणि व्यायची वेळ बहुतेक रात्रीचीच निवडते, आजूबाजूला निजानीज झाल्यावर. दोन वर्षांपूर्वी असंच झालं होतं. सगळे झोपलेले, शिंगरू बाहेर आलं, पण नाकातोंडावरचा पडदा फाटला नाही. सकाळी पाहिलं तेव्हा घोडी त्याला चाटत उभी होती. तेव्हापासून त्यांनी ठरवलं होतं, पुढच्या वेळी एक रात्रसुद्धा डोळा लागू द्यायचा नाही. थंडी कडाक्याची, तबेल्यात शेकोटी पेटवायची सोय नाही, सगळीकडे कडबा. झोप येऊ नये म्हणून नात वाचून दाखवणार आणि ते ऐकणार.

"मोबाइलवर सिनेमे असतात की, आबा," मी म्हटलं.

"मोबाइल पाहिला की डोळे तिकडं जातात. वाचलेलं ऐकलं तर डोळे घोडीवर राहतात."

याच्यापुढे मला काही बोलायचंच नव्हतं. मी ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या कपाटातून तीन जाडजूड पुस्तकं काढून दिली. मराठीत घोडे शोधायचे तर तिथंच सापडणार, असा माझा हिशेब होता. विश्वास पाटलांचं 1988 सालचं 'पानिपत' आणि शिवकाळावरच्या आणखी दोन.

तिसऱ्या दिवशी दोन परत आल्या.

"आवडल्या नाहीत?"

"गोष्ट चांगली आहे, ताई. पण घोडा खोटा आहे." त्यांनी नातीला एक पान काढायला लावलं. स्वार संध्याकाळी निघतो, रात्रभर घोडा फेकतो आणि उजाडताना गडाच्या पायथ्याशी पायउतार होऊन थेट सदरेवर जातो. "हा घोडा पाणी कुठं प्यायला? खोगीर कोणी उतरवलं? घामेजलेलं जनावर थंडीत तसंच सोडलं, ते मरेल. एवढ्या मोठ्या पुस्तकात एकदा तरी घोड्यानं चंदी खायला पाहिजे की नको?"

'पानिपत' मात्र त्यांनी ठेवून घेतलं होतं. छावणीची रसद तुटते आणि माणसांबरोबर जनावरंही उपाशी मरू लागतात, तिथपर्यंत ते आले होते. तो भाग खरा आहे, म्हणाले. नात म्हणाली, आबांनी तो दोनदा वाचायला लावला.

चौदा वर्षं मी लोकांना कादंबऱ्या सुचवते. लेखक पाहते, पुरस्कार पाहते, वाचकाचं वय पाहते. घोडा पाणी कुठं प्यायला, या मापानं मी एकही पुस्तक कधी पाहिलेलं नव्हतं. आणि ते माप लावून कपाटांवरून नजर फिरवली तर मराठीत, निदान माझ्या कपाटांत तरी, घोडा स्वाराबरोबर येतो आणि स्वार उतरला की पानावरून नाहीसा होतो. आपल्या बारगीर-शिलेदारांच्या मुलखात असं का व्हावं, हे मला अजून उमगलेलं नाही. शिलेदाराचं तर घोडं स्वतःचं, ते गेलं की पोटावर पाय. त्या घोड्याची एखादी कादंबरी असायला हवी होती.

त्या संध्याकाळी मी त्यांना थांबवून घेतलं आणि बालविभागात गेले. तिथं इंग्रजी पुस्तकांच्या तळाशी 'ब्लॅक ब्यूटी' होतं, कव्हर लावलेलं, पाच-सहा वर्षांत कोणी न नेलेलं. आमच्याकडे ते बालविभागात आहे, बहुतेक ठिकाणी असतं, पण ॲना स्यूएल या बाईंनी ते मुलांसाठी लिहिलंच नव्हतं. घोडे हाकणाऱ्या, मोतद्दारी करणाऱ्या माणसांसाठी लिहिलं होतं. लहानपणीच्या दुखापतीनं त्यांना नीट चालता येत नसे, त्यामुळे कुठं जायचं तर घोडागाडीनंच. शेवटची वर्षं अंथरुणात गेली आणि पुस्तक तिथूनच पुरं झालं. 1877 मध्ये ते निघालं आणि काही महिन्यांतच त्या वारल्या. कथा घोडाच सांगतो.

मी वाचनकक्षातच बसले आणि मराठी करत करत वाचू लागले. मुद्दाम मधलं प्रकरण काढलं. मालकीणबाई मरणपंथाला, रात्रीची वेळ, डॉक्टरला आणायला घोडा पिटाळतात. डॉक्टरचा स्वतःचा घोडा थकलेला, म्हणून याच घोड्यावर बसून डॉक्टर परत येतात. म्हणजे जाऊन-येऊन सगळी दौड एकट्यानं. घरी पोचल्यावर तबेल्यात असतो एक नवखा पोरगा. तो पाय चोळतो, छाती पुसतो, पण घोड्याचं अंग तापलंय म्हणून वर पांघरूण घालत नाही आणि बादलीभर गार पाणी पुढं ठेवतो.

"नको रे!" आबा मोठ्यानं म्हणाले.

कक्षातल्या चार जणांनी पेपरमधून डोकी वर काढली. आबांचा हात माझ्या टेबलावर पुढं आला होता, बादली धरायला निघाल्यासारखा.

मी पुढं वाचलं. घोड्याला हुडहुडी भरते, छातीत कफ धरतो, श्वास घेताना दुखतं. मोतद्दार परत येतो तेव्हा घोडा कण्हत असतो. पोराचा हेतू चांगला होता, त्याला माहीत नव्हतं, एवढंच. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पांघरूण नाही ताई, झूल म्हणा. आणि ज्या बाईनं हे लिहिलं, तिनं तबेल्यात दिवस काढलेत."

पुढं एक साज येतो. घोड्याची मान कायम वर ताठ राहावी, रुबाबदार दिसावी, म्हणून लगामाला जोडून आवळायचा जास्तीचा पट्टा. चढावर घोड्याला मान खाली घालून जोर लावायचा असतो, तो लावता येत नाही. तोंडाला फेस येतो, श्वास कोंडतो. स्यूएलबाईंचा सगळा राग त्या पट्ट्यावर आहे. आबांना मला तो समजावून सांगावा लागला नाही. लग्नाच्या वरातीत नाचणाऱ्या घोड्यांची मान कशी आवळलेली असते, ते त्यांनीच नातीला स्वतःची हनुवटी छातीला टेकवून दाखवलं. "अशी मान ठेवून तू बँडपुढं दोन तास उभी राहशील का?"

एव्हाना पेपर बाजूला ठेवून मंडळी आमच्या टेबलाशी सरकली होती. मुंबईत बँकेत नोकरी करून निवृत्त झालेले एक वाचक आहेत, त्यांनी डिक फ्रान्सिसच्या रहस्यकादंबऱ्यांचं नाव काढलं. खरंच चांगली आठवण. हा माणूस आधी जॉकी होता. 1956 च्या ग्रँड नॅशनलमध्ये इंग्लंडच्या राजमातेचा घोडा घेऊन तो जिंकतच आला होता आणि काही वार अंतर उरलेलं असताना घोडा एकाएकी पोटावर बसला. पुढं त्यानं लेखणी धरली, 1962 मध्ये पहिली कादंबरी आली आणि मग चाळीसेक. पण आबांना पैजेचे घोडे नको होते.

मला मात्र तोवर माझ्या घरातलं एक पुस्तक आठवलं होतं. वडिलांनी सोव्हिएत पुस्तकं विकायला येणाऱ्या गाडीतून घेतलेलं, चिंगीझ ऐत्मातोव या किरगीझ लेखकाच्या कथांचं इंग्रजी भाषांतर. त्यात 'गुलसारीला निरोप' अशा अर्थाच्या नावाची कादंबरी आहे, 1966 ची. दुसऱ्या दिवशी घेऊन आले. आबा आणि नात वेळेआधीच हजर होते.

आधी गोष्ट थोडक्यात सांगितली. तानाबाय नावाचा म्हातारा गाडी घेऊन घरी निघालाय, थंडीची रात्र, गाडीला जुंपलेला गुलसारी, तोही म्हातारा. रस्त्यातच घोड्याचं बळ सरतं. म्हातारा शेकोटी पेटवून रात्रभर त्याच्यापाशी बसतो आणि दोघांचं सगळं आयुष्य आठवतो.

"रात्रभर बसतो?" आबांनी विचारलं.

"रात्रभर."

मग मी अडले. गुलसारी कसल्या चालीचा घोडा आहे, यावर सगळी कादंबरी उभी आहे आणि त्या चालीला मराठी शब्द मला येईना. आमच्या शब्दकोशात नुसतं 'एक प्रकारची चाल' असं होतं. मी वाक्य वाचून, जमेल तसं सांगितलं की हा घोडा दुडक्या चालीनं जात नाही, एका बाजूचे दोन्ही पाय एकदम...

आबांनी टेबलावर दोन्ही हात ठेवले. प्रत्येक हाताची दोन बोटं, चार पाय. आधी दुडकी दाखवली. डावं पुढचं, उजवं मागचं, तिरपी जोडी. टेबलावरचा शिक्का आणि शाईचं पॅड हलायला लागलं. "ही दुडकी. बसणारा वर-खाली होतो." मग हात सावरून उजवीकडची दोन्ही बोटं एकदम पुढं, मग डावीकडची दोन्ही एकदम. टेबल हललं नाही. हात पाण्यावरून सरकावेत तसे माझ्या पुस्तकापर्यंत आले. "ही रेवाल. हातात भरला पेला घेऊन बसा, थेंब सांडणार नाही. घोड्यात ती उपजत असते. तुमचा गुलसारी रेवाल आहे, ताई."

मी पेन्सिलीनं समासात 'रेवाल' लिहून घेतलं. वडिलांच्या पुस्तकात मी लिहिलेला तो पहिला शब्द.

त्यानंतर वाचायला वेगळाच जोर आला. गुलसारी लहान असताना तानाबायच्या कळपात येतो, शर्यत मारतो, त्याचं नाव होतं आणि नाव झालं म्हणून सामूहिक शेताचा अध्यक्ष त्याला आपल्या बसण्यासाठी काढून नेतो. घोडा पळून कळपाकडे परत येतो. पुन्हा नेतात, पुन्हा येतो. एकदा तर पायांत लोखंडी बेडी असताना उड्या मारत मारत येतो. शेवटी त्याला खच्ची करतात. ते पान मी हळू वाचलं. आबांनी मान खाली घातली होती, नात त्यांच्याकडे बघत होती. त्या यात्रेत त्यांनी आपला एक चार वर्षांचा घोडा विकला होता, हे मला तेव्हा तिच्याकडून कळलं. घेणारा लांबचा होता.

"शेवट दुःखाचा आहे, आबा. रात्री ऐकायला बरा नाही. दुसरं देऊ का?"

"शेवट तर ठरलेलाच असतो. तो म्हातारा जागा राहतो ना शेवटपर्यंत? मग द्या."

नातीचं इंग्रजी बऱ्यापैकी होतं, पण एवढं नव्हतं. म्हणून पुढचे काही दिवस मी दुपारच्या वेळात दहा-बारा पानं मराठीत उतरवायची, साध्या वहीत, आणि संध्याकाळी तिनं ती वही न्यायची. नियमात बसणारं काम नव्हतं, पण इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून झालेलं इतकं गरजेचं दुसरं काम मला आठवत नाही. अडलेले शब्द मी कोरे ठेवायची आणि सकाळी वही परत आली की कोऱ्या जागा भरलेल्या असायच्या, नातीच्या अक्षरात. पायबंद. तंग. अगाडी-पिछाडी. खरारा. एके ठिकाणी मी 'घोड्याचे केस' लिहिलं होतं, ते खोडून 'आयाळ' केलेलं.

पुढच्या वाचनासाठी टॉल्स्टॉयची 'खोल्स्तोमेर' मी काढून ठेवली. 1886 मध्ये छापलेली दीर्घकथा, तीही घोड्याच्या तोंडून. उत्तम रक्ताचा घोडा, पण अंगावर ठिपके-पट्टे म्हणून हिणवला जातो. नातीला सांगितलं तर ती हसली, म्हणाली, आमच्याकडे अबलखाला गिऱ्हाईक जास्त पैसे मोजतं. 'माझं' या शब्दाचा अर्थ त्या घोड्याला कळत नाही, माणसं घोड्याला 'माझा' कशी म्हणतात याचं त्याला नवल वाटतं. आबांना ते ऐकवायची मला फार उत्सुकता होती.

नवव्या की दहाव्या दिवशी वही आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी दोनदा दारापर्यंत जाऊन आले.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर नात धावतच आली. वहीचा मागचा पुठ्ठा ओला होऊन वाळलेला, आत कडब्याची काडी. पहाटे पावणेतीनला घोडीनं अंग टाकलं, ती सांगत होती. दोन दिवस सडांवर मेण धरलं होतं, म्हणजे व्यायची वेळ जवळ आलेली, म्हणून आबा पाणी प्यायलासुद्धा उठले नव्हते. पुढचे पाय दिसले, मग नाक, आणि नाकावर पुन्हा तोच पडदा. आबांनी बोटांनी फाडला. तासाभरात शिंगरू उभं राहिलं, तीनदा पडून. घोडी आहे, कपाळावर चांद, रंग अजून नक्की सांगता येत नाही.

"आणि चाल?" मी विचारलं.

"आबा म्हणतात आठवडाभर थांब." तिनं वही उघडून काडी ठेवलेलं पान दाखवलं. बेडी घातलेला गुलसारी रात्री डोंगर उतरून कळपाकडे येत असतो, त्या वाक्याच्या मधोमध पेन्सिलीची रेघ होती. "इथं थांबलो. पुढचं लिहिलंय का तुम्ही?"