भांड्यांवरची नावं

पुण्याच्या बोहरी आळीत भांडं पसंत पडलं की दुकानदार विचारायचा, "नाव काय घालायचं?" आणि तिथे खरी पंचाईत सुरू व्हायची. पृष्ठभाग वाटीएवढा आणि मजकूर लग्नपत्रिकेचा. चि. अमुक याच्या मुंजीप्रीत्यर्थ, तमुक यांजकडून, तारीख, वर शक्य झालं तर गावसुद्धा. नाव घालणारा छिन्नी आणि छोटी हातोडी घेऊन टिकटिक करत ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं उमटवायचा. शुद्धलेखन सर्वस्वी त्याच्या मर्जीवर. पुढे विजेवरची मशीनं आली, घर्रर्र करत दोन मिनिटांत नाव घालून मिळायला लागलं. पण त्या अक्षरांना ठिपक्यांचा रुबाब नाही.

माझी मोठी काकू, म्हणजे आमची माई, हिच्या मांडणीपुढे बसून मी ही नावं वाचत असे. त्यातली निम्मी नावं आमच्या घरातली नव्हतीच. माईची निम्मी भांडी लोकांकडे आणि लोकांची माईकडे, असा तिचा संसार. आमटी जास्त झाली की पातेल्यासकट शेजारी, कुणाकडे बाळंतीण असली की डिंकाचे लाडू डब्यासकट. भांडं परत मागणं तिला जमायचं नाही. "मागायला गेलं की त्यांना वाटेल, आपण आमटीचा हिशेब ठेवला," म्हणायची. काका चिडायचे, "अगं, मग नाव कशाला घालून आणतेस?" त्यावर ती शांतपणे, "हरवलं तर सापडावं म्हणून. हे कुठे हरवलंय? समोर जोशांकडे तर आहे."

वाडा नारायण पेठेत, नदीकडच्या अंगाला. १२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासल्याची भिंत गेली, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. माणसं वाचली हेच पुष्कळ. पाणी ओसरल्यावर स्वयंपाकघरात गुडघाभर चिखल होता आणि मांडणी भिंतीसकट गेली होती. मी तेव्हा जन्मलेही नव्हते, पण पुढचा भाग घरात इतक्यांदा ऐकलाय की पाहिल्यासारखाच वाटतो. पाणी जिथवर चढलं नव्हतं, त्या सदाशिव पेठेतल्या घरांतून एकेक जण यायला लागला. हातात माईचं भांडं. "हे तुमचं आमच्याकडे राहिलं होतं." एका डब्यात मेतकूट, एका पातेल्यात नुसत्या मेणबत्त्या आणि काड्यापेट्या, कारण वीज नव्हती. घरात ठेवलेलं सगळं वाहून गेलं. दिलेलं तेवढं उरलं. काकांनी त्यानंतर भांड्यांचा विषय काढला नाही.

पुढे बिऱ्हाड गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत हललं. तिथे मी पाहिलेलं तिचं आवडतं पातेलं त्या परत आलेल्यांपैकीच. जाड पितळ, काठ एका बाजूला दबलेला, बुडाला दोन डाग दिलेले आणि पोटावर काकांचं नाव, त्यातलं 'र' जवळजवळ झिजलेलं. कल्हईवाला आला की हे पातेलं पहिलं बाहेर निघायचं. तो भाता मारून निखारे फुलवायचा, तापलेल्या पितळेवर नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठायचा, कथील लावून चिंधीनं एक हात फिरवला की आतून लख्ख चांदी. मग माई त्याच पातेल्यात ताक करून पहिला पेला त्यालाच द्यायची. "कळकलं तर आधी तुला कळेल रे बाबा!" तो हसत प्यायचा, आणि दुसरा पेला मागायचा.

स्टीलचे दिवस आले तेव्हा घराघरांतलं पितळ मोडीत गेलं. माईनं मोड दिली नाही. बोहारणीशी मात्र तिची दोस्ती होती. जुन्या साड्यांवर तासभर घासाघीस करायची, आणि सौदा फिसकटला तरी तिला जेवूनच पाठवायची.

माई काही संत नव्हती, हेही सांगायला हवं. एखाद्या सुनेचं वरण पातळ झालं की ते चार घरांत सांगून यायची. पत्त्यांत सर्रास लबाडी करायची, बदामसात खेळताना अडवलेला पत्ता तिच्या मांडीखाली सापडायचा आणि "अगंबाई, इथे कसा गेला?" हे ती इतक्या निरागसपणे म्हणायची की डाव तिलाच द्यावा लागे.

ती गेल्यावर आम्ही जावानणंदांनी मांडणी आवरायला घेतली. डाग दिलेल्या पातेल्यावरून थोडी कुरबुर झाली, ती सोडून देते. परक्या नावांच्या भांड्यांचं काय करायचं हा प्रश्न होता. काहींची घरं माहीत होती. त्यातला एक गडवा घेऊन मी सदाशिव पेठेत गेले. वाड्याच्या जागी आता इमारत. दार उघडणाऱ्या मुलीनं नाव वाचलं, म्हणाली, "हे तर आमचे पणजोबा!" आणि आत हाक मारली. चष्मा पुसत एक आजी आल्या. गडवा हातात घेऊन त्यांनी उलटासुलटा केला, माझ्याकडे पाहिलं.

"कुणाकडून आणलास? माईकडून? नारायण पेठेतल्या? पत्त्यांत लबाडी करायची, तीच ना?"